घरचं मैदान

क्रिकेटमधल्या ‘होम मॅच’चं मराठी वर्तमानपत्रांनी ‘घरचा सामना’ करून टाकलं, त्याला बरीच वर्षं झाली. शब्द बरा आहे. पण बत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. शब्द ऐकला की तो उलटा करून, झटकून, आत काय आहे ते बघायचं. आणि ह्या ‘घरचा’मध्ये मला अजून काही सापडलेलं नाही.

घर म्हणजे काय, ह्यावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते. माहेर सातारा, सासर सांगली, आणि लेक दिली नागपूरला. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस ह्या तिन्ही गावांतून जाते. सांगलीला बसलं की काही तासांत सातारा, आणि मग एक रात्र काढून नागपूर. माझा सगळा प्रपंच त्या एका गाडीच्या वेळापत्रकात मावतो. सातारा सोडून सांगलीला आले तेव्हा पहिले सहा महिने मला इथलं पाणी लागलं नाही. पोट बिघडायचं, केस गळायचे. सासूबाई म्हणायच्या, कृष्णामाई एकच आहे गं, तुझ्या माहुलीवरूनच येते ना इकडे? एकच होती, पण तिकडची वेगळी लागायची. मग कधीतरी ते थांबलं. केव्हा थांबलं ते आठवत नाही. घर झालं ते बहुधा तेव्हाच.

असो. मला सांगायचंय ते एका क्रिकेटच्या संघाबद्दल, ज्याचं नागपूरला घर होता होता राहिलं.

ज्यांना क्रिकेटचं वावडं आहे (आमच्या घरात अशा दोन जावा आहेत, आणि दोघी हे वाचतात) त्यांच्यासाठी आधी थोडं. आयपीएलमध्ये संघाला गावाचं किंवा प्रांताचं नाव असतं, पण संघ असतो मालकांचा. खेळाडू लिलावात घेतलेले. अर्धे सामने ‘घरी’ खेळायचे, अर्धे दुसऱ्याच्या घरी जाऊन. घरच्या सामन्याच्या तिकिटांचे पैसे घरच्या संघाच्या मालकाला मिळतात, मैदान ज्या संघटनेचं असेल तिला सामन्यामागे ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे घर कुठे मांडायचं हा बराचसा हिशेबाचा प्रश्न. जिथे मैदान मोठं, लोक तहानलेले आणि तिकिटं खपणारी, तिथे दोन-तीन सामने न्यायचे. नियमात बसतं ते.

ह्या बाबतीत किंग्ज इलेव्हन पंजाब म्हणजे नुसती भटकी जमात. (२०२१ पासून ते ‘पंजाब किंग्ज’ झाले.) मूळ घर मोहालीचं. पण मधली काही वर्षं ते हिमाचलात धरमशालेला खेळले, २०१४ मध्ये ओडिशात कटकला खेळले, २०१५ मध्ये आपल्या पुण्याजवळ गहुंज्याला. नाव पंजाबचं, आणि ‘घरच्या’ मैदानात बाहेर वडापावच्या गाड्या! २०१६ च्या वेळापत्रकात त्यांचे तीन घरचे सामने नागपूरला लागले. वर्धा रोडवरचं जामठ्याचं मैदान, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, २००८ मध्ये सुरू झालेलं. प्रचंड मोठं. आणि एवढं मैदान असूनही नागपूरला स्वतःचा आयपीएलचा संघ नाही. एकदा, २०१० मध्ये, हैदराबादचे डेक्कन चार्जर्स तेलंगणाच्या आंदोलनामुळे घर सोडून निघाले होते, तेव्हा त्यांचे काही सामने नागपूरला झाले. आमचे जावईबापू गेले होते बघायला. कोण जिंकलं ते त्यांना आठवत नाही, परत येताना गाडी पार्किंगमधून काढायला दोन तास लागले ते मात्र पक्कं आठवतं.

२०१६ मध्ये नातू दहा वर्षांचा होता. मार्चमध्ये वेळापत्रक आलं आणि त्याच दिवशी फोन. “आजी, मे मध्ये तू येऊन राहिली ना? आपल्याकडे पंजाब येऊन राहिले!” मी म्हटलं, अरे पण आपण पंजाबचे केव्हापासून झालो? तो म्हणाला, “नागपूरचे झाले ना ते आता.” मुलांना असं पटकन पटतं. मी मे महिन्यातली महाराष्ट्र एक्सप्रेसची दोन तिकिटं काढून ठेवली. मेमध्ये नागपूर! ह्यांनी कपाळावर हात मारला.

आता त्या वर्षीची दुसरी बाजू.

सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. मराठवाडा पार वाळला होता. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. पाण्यासाठी जमावबंदी! मी इतिहासाचेही तास घेतलेत, पण हे कुठल्या धड्यात वाचलं नव्हतं. लातूरला पाणी द्यायचं तर कुठून? ठरलं ते आमच्या मिरजेहून. कोट्याहून रेल्वेच्या टाक्यांच्या वाघिणी आतून धुऊन, स्वच्छ करून आणल्या आणि कृष्णेचं पाणी त्यांत भरलं. ११ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी मिरजेहून सुटली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. नाव ठेवलं ‘जलदूत’. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, आणि त्या खेपा पाऊस सुरू होऊन स्थिरस्थावर होईपर्यंत चालू राहिल्या.

आम्ही दोघं पुण्याला जायला मिरज स्टेशनवर गेलो होतो तेव्हा ती पन्नास वाघिणींची गाडी उभी होती. मी कधी एवढी लांब मालगाडी नीट पाहिली नव्हती. फलाटावरची माणसं बोलायची थांबून तिच्याकडे बघत होती. शेजारी एक बाई होत्या, जतकडच्या असाव्यात. त्या एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडं रूळ न्हाईत.” पुढे काही बोलल्या नाहीत. आमच्याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळला टँकर चालू होते, माझ्या माहेरच्या जिल्ह्यात माण-खटावला तीच गत. लातूरला पाणी जाऊ नये असं त्या बाई म्हणत नव्हत्या. पण ते वाक्य मला अजून टोचतं.

तर, १२ एप्रिलला गाडी लातूरला पोचली आणि १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, ३० एप्रिलनंतरचे महाराष्ट्रातले आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्या. एका संस्थेने याचिका केली होती, की लोकांना प्यायला पाणी नाही आणि मैदानांवर कसलं शिंपता? मुंबई, पुणे, नागपूर मिळून खेळपट्ट्यांना साठ लाख लिटर पाणी लागेल असा आकडा त्या वेळी सगळीकडे फिरत होता. क्रिकेटवाल्यांनी सांगून पाहिलं की आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो. ते काही चाललं नाही. पुढे १ मेचा पुण्यातला सामना तेवढा होऊ दिला. बाकी मुंबई गेली, पुणे गेलं, नागपूरचे पंजाबचे तीनही सामने गेले. अंतिम सामनासुद्धा मुंबईतून बंगळूरला गेला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन्ही बातम्या जवळजवळ होत्या. पाण्याची गाडी आणि क्रिकेटचा निकाल. आमच्या गल्लीत, भाजीच्या गाडीपाशी, वाचनालयात, सगळीकडे एकच सूर, बरं झालं, चांगली खोड मोडली. माझाही जीव थंडावला, हे सांगते. कुणीतरी कुणालातरी जाब विचारला ह्याचं समाधान असतं.

नातवाचा फोन आला. रडत नव्हता, पण आवाज बारीक. “आजी, लातूरला पाणी पाहिजे ना, मग बरोबरच आहे.” घरात मोठ्यांनी समजावलेलं दिसत होतं. मग म्हणाला, “पण आजी, मॅचचं पाणी लातूरला देणार का?”

आता ह्याला काय सांगणार? जामठ्याचं पाणी लातूरला नेणारा पाइप काही कुणी टाकणार नव्हतं. मी म्हटलं, तसं नसतं रे, ते पाणी तिथेच वाचतं. तो म्हणाला, “किती वाचतं?” आणि तिथून मी हिशेबाला बसले.

हिशेब साधा आहे, सातवीच्या मुलालाही यावा. साठ लाख लिटर म्हणजे जलदूतच्या मोठ्या गाडीच्या अडीचपेक्षाही कमी खेपा. म्हणजे तिन्ही शहरांतलं, सगळ्या महिना-दीड महिन्याचं क्रिकेट. बरं. आता ऊस. पाटानं पाणी दिलं तर उसाला हेक्टरी साधारण दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे. कमीतला कमी आकडा धरला तरी गुंठ्याला दोन लाख लिटर. साठ लाखांत किती गुंठे भिजतात? तीस.

तीस गुंठे. मी पेन खाली ठेवलं. मिरज तालुक्यात नदीकाठाला आमच्या मामंजींची जमीन होती, ती दोन भावांत वाटली गेली. आमचा वाटा ह्यांनी केव्हाच विकून सांगलीत घर बांधलं. धाकट्या भाऊजींचा वाटा अजून आहे. बरोबर तीस गुंठे. आणि त्यात ऊस.

म्हणजे मुंबईचे, पुण्याचे, नागपूरचे सगळे सामने मिळून जेवढं पाणी पिणार होते तेवढं आमचे भाऊजी एकटे, कुणालाही न विचारता, एका उसाला देत होते. त्यांच्यावर याचिका नव्हती, आणि त्यांच्या बांधावर टीव्हीवालेही आले नव्हते. पुन्हा त्यांचं तीस गुंठ्यांचं काय घेऊन बसलात, आमच्या सांगली-साताऱ्यात नदीच्या दोन्ही काठांना लाखभर हेक्टरच्या वर ऊस उभा असतो. गुणाकार करून पाहा. मी केला, आणि शून्यं मोजून कागद बाजूला ठेवला.

त्या रविवारी भाऊजी जेवायला आले होते. मी आमरस वाढता वाढता हा हिशेब त्यांना सांगितला. (ह्यांनी टेबलाखालून पाय दाबला होता. दाबू दे.) भाऊजी शांत माणूस. म्हणाले, “वहिनी, उसाला कारखान्याचा दर ठरलेला आहे, तोडणीला माणूस येतो, बिल बँकेत येतं. तुम्ही सांगा दुसरं काय लावू, ज्याचं हे सगळं होतं?” मी म्हटलं, ऊसच लावा, पण ठिबक करा. म्हणाले, “ठिबकला एकदम पैसे घालायचे, अनुदान मिळेल तेव्हा मिळेल. आणि शेजारचे पाटानं देतात, माझ्या एकट्यानं कृष्णा वाचणार आहे?” मग जरा वेळानं म्हणाले, “त्या क्रिकेटवाल्यांचं बरं आहे. बॅगा भरल्या, विमानात बसले. मी माझा मळा कुठं विशाखापट्टणमला नेऊ?”

हे वाक्य त्यांनी रागाने म्हटलं, पण मला वाटतं सगळ्या प्रकरणातलं सर्वांत खरं वाक्य तेच होतं. त्यानंतर दोन महिने ते आमच्याकडे आले नाहीत. दिवाळीला आले. ठिबक अजून झालेलं नाही. भाऊजी, तुमची सून तुम्हाला हे वाचून दाखवणारच आहे, म्हणून इथेही लिहिते, माझं म्हणणं अजून तेच आहे.

न्यायालयाने चुकीचं केलं असं मला म्हणायचं नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जमावबंदी असताना हिरवळीवर फवारे उडताना दाखवणं हे अशोभनीय होतंच. शोभेलाही किंमत असते. पण दुष्काळात जे सहज हलवता आलं ते हलवलं गेलं, आणि ते सहज हलवता आलं कारण ते तिथे रुजलेलंच नव्हतं. ना त्याला सातबारा, ना सोसायटी, ना मतदार.

आणि खरोखर, किती सहज हललं! मुंबई आणि पुणे ह्या दोन्ही संघांनी विशाखापट्टणम घर म्हणून निवडलं. पंजाबवाले नागपूरचे सामने घेऊन मुकाट मोहालीला परत गेले. तिकडे आम्ही नागपूरची तिकिटं रद्द केली आणि नातूच सुट्टीला सांगलीला आला. २१ मेला संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो होतो. पुणे विरुद्ध पंजाब. पुण्याचा घरचा सामना, विशाखापट्टणमला. पुण्याचा धोनी झारखंडचा. पंजाबचा प्रशिक्षक संजय बांगर, जन्म बीडचा. त्या अख्ख्या प्रकरणात दुष्काळी मुलुखातला मला सापडलेला एकच माणूस, आणि तो पंजाबच्या बाजूला! शेवटच्या षटकात पुण्याला तेवीस धावा हव्या होत्या. धोनीने केल्या, शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारून. नातू सोफ्यावर उभा राहून नाचला. मी विचारलं, अरे, मार्चमध्ये तर तू पंजाबचा होतास ना? “ते नागपूरला आले असते तर,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी पंजाबने दुसरं घर मांडलं ते इंदूरला. नागपूरला ते फिरकले नाहीत. नागपुरात कुणी हळहळल्याचं लेकीला आठवत नाही. मोर्चा नाही, निवेदन नाही. पानवाल्याकडे दोन दिवस चर्चा झाली, संपलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरचा कबड्डीचा संघ, बंगळूर बुल्स, आपले घरचे सामने घेऊन नागपूरला मानकापूरच्या संकुलात आला होता. नातू तोही बघायला गेला. खेळ आवडला, संघ कुणाचा ह्याचा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही म्हणाला. तेही एक वर्ष आले नि गेले. नागपूर म्हणजे जणू वर्षातून एकदा उघडायची धर्मशाळा.

मग मी धरून चालले होते की हे सगळं असंच असतं. भाड्याचे संघ, भाड्याची घरं. २०१८ मध्ये मात्र चेन्नईचं झालं आणि मला जरा वेगळा विचार करावा लागला.

तिथेही पाणीच. कावेरीच्या वाटपावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलं होतं. चेन्नई सुपर किंग्ज दोन वर्षांच्या बंदीनंतर परत आले होते, आणि १० एप्रिलला चेपॉकला त्यांचा पहिला घरचा सामना झाला. बाहेर निदर्शनं, आत मैदानावर बूट फेकले गेले. पाण्यासाठी माणसं तडफडत असताना खेळ कसला, हाच मुद्दा. आपल्याकडचाच, फक्त तमिळमधून. चेन्नईचे उरलेले सहा घरचे सामने पुण्याला, गहुंज्याला हलवले. आणि गंमत बघा, त्याच महिन्यात गहुंज्याच्या मैदानाला पवना नदीचं पाणी घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली! एका नदीपायी घर सोडून आले ते दुसऱ्या नदीच्या दारात.

पण पुढचं ऐका. चेन्नईहून पुण्याला एक खास रेल्वेगाडी सुटली. सगळी पिवळी. शिट्ट्या वाजवत निघालेले हजारभर लोक, आपला संघ परगावी गेला म्हणून त्याच्यामागे निघालेले. २० एप्रिलच्या सामन्याला ते गहुंज्यात बसले होते. त्या गाडीचे फोटो बघताना मला मिरजेची ती टाक्यांची गाडी आठवली. दोन वर्षांपूर्वी एक गाडी पाणी घेऊन गेली होती, ही माणसं घेऊन आली. हे म्हणाले, “तुझं काहीतरीच.” असेल. पण मी त्या फोटोंकडे बराच वेळ बघत बसले होते. पन्नाशीची बाई होती एका फोटोत, पिवळी साडी नेसून, हातात डबा. डबा! चोवीस तासांच्या प्रवासाला माणूस डबा घेऊन निघतो तो कुणाकडे? आपल्या माणसाकडे.

चेन्नईचा संघही मालकाचाच आहे, त्याचेही खेळाडू लिलावातले. तरी त्याला माणसं लाभली, आणि म्हणून तो पुण्यात सहा सामने राहूनही चेन्नईचाच राहिला. त्या वर्षी स्पर्धाही त्यांनीच जिंकली. नंतरच्या वर्षी परत चेपॉकला. आमच्यात बाळंतपणाला माहेरी गेलेली मुलगी परत येते तसे.

पंजाबच्या मागे नागपूरला कोण डबा घेऊन आलं असतं? आणि नागपूरहून मोहालीला कोण गेलं असतं?

बरं, आता आमच्या भागाचं. सांगली-साताऱ्याकडे कुठला संघ घर मांडायला यायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडून फक्त माणसं बाहेर जातात. विजय हजारे सांगलीचे, इथेच जन्मले १९१५ मध्ये. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला १९५२ मध्ये तेव्हा कर्णधार तेच होते. पण त्यांचं नाव जोडलं गेलं बडोद्याशी, कारण पोटापाण्याची सोय बडोद्याच्या महाराजांनी केली. कासेगावचा काशिलिंग आडके कबड्डी खेळला दिल्लीकडून, मग मुंबईकडून. माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना बंगळूरच्या संघाची कर्णधार म्हणून २०२४ मध्ये स्पर्धा जिंकली, तेव्हा सांगलीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. बंगळूरसाठी वाटले की सांगलीसाठी, हे पेढेवाल्याने विचारलं नाही.

आणि अशात, २०२५ च्या जूनमध्ये, साताऱ्याहून दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ, ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून अजिंक्यताऱ्यावरून हाक मारल्यासारखा.

“अगं, आपली टीम आलीय!”

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा नावांचे सहा संघ. २०२५ मध्ये नावांत फेरबदल झाले आणि ‘सातारा वॉरियर्स’ असा संघ उतरला. दादाच्या नातवाने त्याला मोबाइलवर लावून दिलं होतं.

मी म्हटलं, दादा, सामने कुठे आहेत?

“गहुंज्याला.”

म्हणजे बघा. रत्नागिरी गहुंज्याला, कोल्हापूर गहुंज्याला, नाशिक गहुंज्याला, सातारा गहुंज्याला. सगळ्यांचं घर एकच, पुण्यापलीकडे, द्रुतगती मार्गाच्या कडेला. खर्च वाचतो, चित्रीकरण एका जागी होतं, हे सगळं मला कळतं. पण सातारचा संघ साताऱ्यात एक चेंडू टाकणार नाही, आणि साताऱ्याचं नाव घेऊन खेळणार. नागपूरला निदान जागा दिली होती, नुसतं पाणी नव्हतं. इथे जागाही नाही, नुसतं नाव. मी हे सगळं दादाला फोनवर सांगितलं, पंजाबपासून सुरुवात करून. शिक्षकी पेशा, एकदा सुरू झाले की तास संपेपर्यंत थांबत नाही.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुझं झालं का? हे बघ, मला ह्या गुडघ्यांनी शाहू स्टेडियमपर्यंत पण जाता येत नाही. साताऱ्यात खेळले काय नि गहुंज्याला खेळले काय, मला मोबाइलवरच दिसणार. पण तो बोलणारा माणूस ‘सातारा’ म्हणतो ना, ते ऐकायला बरं वाटतं. साता-याला एवढ्या वेळा कोण नाव घेतं गं आता?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणजे अजूनही सुचलेलं नाही. संघ त्याच्या गावाला आला नाही, पण त्याने तो आत घेऊन टाकला, चहा विचारला, पाट मांडला. त्याला सातबारा लागला नाही की सामना. स्पर्धा संपेपर्यंत तो रोज संध्याकाळी त्या मोबाइलपुढे बसत होता, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावून. खेळाडूंपैकी जिल्ह्यातला कोण आहे ते नातवाला शोधायला लावायचा. हरले की जेवायचा नाही असं वहिनी सांगत होती.

मी त्याला म्हटलं, बरं, तू बघ. मी काही सातारा वॉरियर्सची होणार नाही, मी आता सांगलीची.

“मग सांगलीचा संघ निघाला की मला लगेच कळव,” तो म्हणाला. “भांडायला समोर कुणीतरी पाहिजे.”